रिमोट कुणाच्या हातात, बिल कुणाच्या डोक्यावर?

महिन्याची पाच-सहा तारीख आली की सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या गल्लीत एक मोटारसायकल येऊन थांबते. केबलवाला दादा आला, हे खिडकीतून न बघताही कळतं. पूर्वी त्याच्या हातात कडा दुमडलेली वही असायची, आता मोबाइल असतो. वहीत पेनानं टिक व्हायची, आता मेसेज येतो. एक गोष्ट मात्र वीस-पंचवीस वर्षांत बदललेली नाही. दार उघडते ती घरातली बाईच, आणि पैसे निघतात तेही बहुतेक वेळा तिच्याच घरखर्चाच्या डब्यातून.

मागच्या खेपेला दादा म्हणाला, "वहिनी, या महिन्यापासून तीनशे साठ."

"अहो, दिवाळीपर्यंत तर तीनशेच होते की!"

"वरूनच वाढलंय वहिनी. आम्ही काय करणार?"

मैत्रिणींनो, हे 'वरून' म्हणजे नेमकं कुठून, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? भाजीवाली जुडीमागे दोन रुपये जास्त म्हणाली तर आपण पाच मिनिटं हुज्जत घालतो. गॅस वाढला की शेजारणीशी बोलतो. पण केबलचे साठ रुपये वाढले की 'बरं' म्हणून नोटा काढून देतो. कारण त्या बिलात काय काय असतं हे आपल्याला ठाऊकच नसतं. मीही त्यातलीच. या वेळी मात्र ठरवलं, की हे 'वरून' एकदा बघायचंच.

थोडं मागं जाऊया. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आपल्या गावापर्यंत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली. कौलांवर अँटेना, आणि ती फिरवणारा घरातला एखादा उत्साही भाऊ. 'आलं का?' 'नाही, अजून मुंग्याच!' हा संवाद ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे. त्या टीव्हीला दरमहा पैसे पडत नसत. नव्वदीच्या दशकात केबल आली. एकाच्या गच्चीवर मोठी छत्री, तिथून खांबाखांबांवरून घराघरांत वायर. आमच्याकडे २००१ साली शंभर रुपये द्यावे लागत. शंभर रुपयांत सगळं! अल्फा मराठी, ई-टीव्ही मराठी, सिनेमे, गाणी, बातम्या. यातलं काय फुकट आणि काय विकत, हे विचारायची वेळच कधी आली नाही.

मग २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आधी मुंबईसारखी महानगरं, मग मोठी शहरं, मग आपल्यासारखी छोटी गावं, आणि २०१७ च्या मार्चपर्यंत खेडीपाडी. बॉक्स आला म्हणजे कोणत्या घरात कोणती वाहिनी सुरू आहे हे मोजता येऊ लागलं, आणि जे मोजता येतं त्याचे पैसे लावता येतात. २०१९ च्या सुरुवातीला 'ट्राय'चे नवे नियम लागू झाले. सरकारनं सांगितलं, ग्राहकानं हव्या त्याच वाहिन्या घ्याव्यात आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत. ऐकायला किती छान! त्या दिवसांत किती घरांमध्ये वाहिन्यांच्या लांबलचक याद्या घेऊन माणसं बसली होती, आठवतं? शेवटी कंटाळून बहुतेकांनी म्हटलं, 'दादा, तूच टाक काय ते.' तिथंच आपण चुकलो.

आता बिलाची गंमत बघा. बिलात तीन भाग असतात. पहिला भाग जोडणीचा. वायर आपल्या घरात आली म्हणून द्यायचा. हा दर २०१९ मध्ये जास्तीत जास्त १३० रुपये ठरला. त्यात आधी शंभर वाहिन्या मिळत, २०२० च्या दुरुस्तीनंतर दोनशे. दुसरा भाग पैसे पडणाऱ्या वाहिन्यांचा. त्या सुट्याही घेता येतात आणि पॅकमध्येही. तिसरा भाग कर, वरच्या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकही विकतची वाहिनी न घेता नुसती जोडणी ठेवली, तरी १३० चे होतात १५३ रुपये ४० पैसे.

आमच्या ३६० रुपयांची मी फोड केली. १३० जोडणीचे, १७५ पॅकचे आणि जवळपास ५५ रुपये कर. तेव्हा कळलं की दादाचं 'वरून' अगदीच खोटं नव्हतं. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त नको असा नियम होता. २०२० मध्ये ती मर्यादा १२ वर आणायचं ठरलं, त्यावर वाहिन्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा १९ झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत नवे दर आले तेव्हा कंपन्या आणि केबलवाले यांच्यात एवढी जुंपली, की कित्येक घरांत काही दिवस लोकप्रिय वाहिन्याच दिसेनाशा झाल्या. जुलै २०२४ मध्ये 'ट्राय'नं जोडणीच्या दरावरची १३० ची मर्यादाही काढली. आता तो दर केबल आणि डीटीएच कंपन्यांनी स्वतः ठरवायचा, फक्त तो जाहीर करायचा. वर भांडतात ते मोठे लोक, आणि वाढलेला आकडा दारात उभं राहून सांगायचं काम दादाचं. त्याच्यावर चिडून काही उपयोग नाही. पण गप्प बसूनही नाही.

घरी विषय काढला. हे म्हणाले, "काढून टाक केबल. बघतं कोण? सगळं मोबाइलवर येतं." मुलगा म्हणाला, "आई, केबल म्हणजे जुना जमाना गं." मला पटलं. महिन्याचे ३६० म्हणजे वर्षाचे ४३२०. एवढ्यात मुलीच्या क्लासची अर्धी फी निघेल. दादाला फोन करून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून बंद.

पहिले चार दिवस कुणाला काही वाटलं नाही. हे कामावर, मुलगा कॉलेजात, मुलगी शाळेत, मी माझ्या कामात. पाचव्या दिवशी दुपारी भांडी आवरताना लक्षात आलं, की घर फार शांत आहे. बाहेरच्या खोलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बंद टीव्हीसमोर त्यांच्या रोजच्या खुर्चीत बसल्या होत्या. वेळ त्यांच्या मालिकेची. हातात वाती वळायचं काम, पण नजर त्या काळ्या काचेवर.

"आई, मोबाइलवर लावून देऊ का तुमची मालिका?"

"नको गं. त्या एवढ्याशा चौकोनात माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसणार? आणि तुझा फोन तुला लागतो."

तक्रारीचा एक शब्द नाही. पण मला चटका बसला. 'बघतं कोण' असं यांनी विचारलं, तेव्हा बघणारी व्यक्ती त्याच खोलीत बसलेली होती. तिला आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं नाही, कारण तिचं बघणं आम्ही 'बघणं' म्हणून मोजलंच नव्हतं!

नंतर मी आजूबाजूला चौकशी केली तेव्हा कळलं, ही काही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. नात्यातल्या एका सुनेच्या घरी वर्षभरापूर्वी केबल काढली. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. चांगला मोबाइल नवऱ्याचा, आणि तो सकाळी नऊला त्याच्या खिशात बसून बाहेर पडतो तो रात्री आठला परत येतो. आल्यावर तो त्याचं क्रिकेट बघतो. ती म्हणाली, "वैनी, दिवसभर घरात माणसाचा आवाज नाही. आधी निदान टीव्हीतल्या बाया तरी बोलायच्या." हसत हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

टीव्ही घरातला, सगळ्यांचा. मोबाइल ज्याचा त्याचा. टीव्हीचा रिमोट निदान दुपारी दोन तास तरी बाईच्या हातात असतो. करमणूक मोबाइलवर गेली, की ज्याच्याकडे मोबाइल त्याची करमणूक. बचतीचा हिशेब करताना हे कुणी धरतच नाही. आणि ज्याला टीव्ही लागत नाही, तोच बहुधा टीव्ही बंद करायचा निर्णय घेतो.

बरं, मोबाइल तरी स्वस्त आहे का? २०१६ च्या सप्टेंबरनंतर काही वर्षं नेट खरोखरच पाण्याच्या भावात मिळालं. पण दर पुढे वाढत गेले, जुलै २०२४ मध्ये तर मोठ्या कंपन्यांनी एकदमच वाढवले. शिवाय अनेक रिचार्ज २८ दिवसांचे. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज! आमच्या घरात चार फोन. त्यांचे रिचार्ज ज्याचे तो परस्पर करतो, म्हणून ते कुणाच्या डोळ्यात येत नाहीत. दारात येऊन मागितले जातात ते केबलचे पैसे मात्र खुपतात. मी एका रविवारी चारही फोनच्या रिचार्जची बेरीज करून यांच्यासमोर ठेवली. वर मुलानं घेतलेल्या दोन ॲपची वर्गणी. केबलच्या बिलाच्या तिपटीहून जास्त आकडा निघाला. हे चष्मा पुसत राहिले!

तर मग करायचं काय? मी जे केलं ते सांगते.

पहिल्यांदा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पंधरा दिवस नोंद ठेवली. केबल पुन्हा सुरू केली होती. ज्यानं टीव्ही लावला त्यानं वाहिनीचं नाव लिहायचं, बस्स. पंधरा दिवसांनी मोजलं. तीनशेहून जास्त वाहिन्या घरात येत होत्या. प्रत्यक्षात लावल्या गेल्या अकरा! त्यातल्या चार मुळातच फुकट होत्या. कधीच न लावलेल्या इंग्रजी सिनेमांचे, हिंदीतल्या पाच-सहा वाहिन्यांचे आणि कार्टूनचे पैसे आम्ही दरमहा भरत होतो. आमचं धाकटं आता नववीत आहे, कार्टून कोण बघणार?

मग दादाला घरात बोलावलं, चहा दिला आणि यादी हातात ठेवली. "मोठा पॅक काढ. मराठीचा लहान पॅक ठेव, सिनेमाची एक आणि खेळाची एक वाहिनी सुटी दे." तो आधी म्हणाला, "वहिनी, असं होत नाही." मी म्हटलं, "होतं. सुटी वाहिनी मागायचा ग्राहकाला हक्क आहे." दोन दिवसांनी झालंही. आता पॅक आणि सुट्या वाहिन्या मिळून ८२ रुपये, जोडणीचे १३०, त्यावर कर. एकूण साधारण अडीचशे. महिन्याला ११० रुपये वाचले, वर्षाला तेराशेच्या वर. आणि आईंच्या दोन्ही मालिका जागच्या जागी.

ज्यांना दरमहाचं बिलच नको आहे, त्यांच्यासाठी दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' आहे. ही २००४ च्या डिसेंबरमध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं सुरू झाली. एकदाच छत्री, बॉक्स आणि बसवण्याचे मिळून साधारण दोन हजारांच्या आतबाहेर खर्च, नंतर मासिक पैसे नाहीत. आमच्या ३६० च्या हिशेबानं सहा महिन्यांत खर्च वसूल. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या, बातम्या, जुने सिनेमे, भक्तिगीतं असं बरंच काही दिसतं.

पण घेण्यापूर्वी दोन-चार गोष्टी लक्षात घ्या. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं दिल्या जातात, त्यामुळे यादी बदलत राहते. आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या वाहिन्या तिथून एकदम काढून घेतल्या होत्या. आमच्या शेजारच्या काकूंनी फ्री डिश बसवली, पेन्शनीत भागतं म्हणून खूश आहेत, पण त्यांची रोज रात्रीची आवडती मालिका त्यात नाही. तेवढ्यापुरत्या त्या आमच्याकडे येतात. मला त्याचा त्रास नाही, उलट आईंना सोबत होते. पण आपली वाहिनी आहे की नाही हे आधी बघा, दुकानदाराच्या 'सगळं दिसतं' वर जाऊ नका. ज्यांच्याकडे फ्री डिश आहे अशा एखाद्या घरी जाऊन स्वतः बघणं सगळ्यात चांगलं. बॉक्स घेताना एमपेग-४ चा आहे ना, हे विचारा. जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. आणि छत्रीला आपल्याकडून आग्नेय दिशेचं आकाश मोकळं लागतं. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणतात ना, तीच दिशा! तिकडं उंच इमारत किंवा आंब्याचं झाड असेल तर चित्र मिळणार नाही. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जातं, पाऊस ओसरला की परत येतं.

माळ्यावरची जुनी अँटेना काढून लावू, असं एका मैत्रिणीनं सुचवलं. बाई गं, तो काळ गेला! दूरदर्शनची ती जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद झाली.

तिसरा मार्ग घरात ब्रॉडबँड घेण्याचा. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी नेट घ्यायचंच असेल, तर स्मार्ट टीव्हीवर त्याच नेटवर पुष्कळ बघता येतं. यूट्यूब आहे, प्रसार भारतीचं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं 'वेव्हज' ॲप आहे. अनेक गावांत केबलवालाच हे कनेक्शन देतो. पण फक्त टीव्हीसाठी नेट घेणं स्वस्त पडत नाही. नेटचे पैसे वेगळे, ॲपची वर्गणी वेगळी, आणि 'वर्षाचे एकदम भरा' म्हणतात ते वेगळं. शिवाय घरातल्या वयस्कर माणसाला ते लावता आलं पाहिजे. आईंना रिमोटवर चार बटणं कळतात, चालू, बंद, आवाज आणि पुढची वाहिनी. 'लॉगिन', 'पासवर्ड' आणि 'अपडेट' विचारणारा टीव्ही त्यांच्यासाठी बंद टीव्हीच आहे. नवं यंत्र आणलं तर ते शिकवायला चार दिवस बसण्याची तयारीही हवी, आणि ते काम 'सूनबाईचं' असं गृहीत धरलं जाऊ नये.

आता कुणी म्हणेल, टीव्ही गेला तर बरंच झालं. त्या मालिका म्हणजे नुसती कटकारस्थानं, भरजरी साड्या नेसून स्वयंपाक आणि वर्षानुवर्षं संपत नाहीत. खरं आहे. मलाही त्यातल्या निम्म्या सहन होत नाहीत. टीव्ही कमी बघावा, त्या वेळात फिरायला जावं, वाचावं, भिशीत गप्पा माराव्यात. पण हे जिनं तिनं स्वतः ठरवावं. नवऱ्यानं क्रिकेट बघितलं तर तो विरंगुळा आणि बाईनं मालिका बघितली तर तो वेळेचा अपव्यय, हा हिशेब काही मला पटत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईचे ते दोन तास आहेत. त्यावर कात्री लावायची तर तिला विचारून लावा.

आणखी एक सांगायचं राहिलं. दादाशी यादीवरून बोलले त्या दिवशी तो जाता जाता म्हणाला, "वहिनी, तुम्ही निदान कमी केलं. या गल्लीत सात घरांनी बंदच केलं." त्याची बायको वसुलीला मदत करते, दोन मुलं शिकतात. घरोघरची केबल कमी होतेय, हे दिसतंच आहे. वायर तुटली की भर पावसात खांबावर चढणारा तोच. त्याचं घर आपण आपल्या बिलातून चालवावं असं मी म्हणत नाही. पण त्याच्याशी माणसासारखं बोलावं, पैसे वेळेवर द्यावेत आणि हक्कही सोडू नये. पैसे दिले की पावती किंवा मेसेज घ्यावाच. बॉक्स भाड्याचा की विकतचा हे विचारून ठेवावं, म्हणजे सोडताना अनामत रकमेवरून वाद होत नाही. न मागितलेली वाहिनी बिलात दिसली तर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा. तिथं कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. आपण घाबरतो, 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून. मैत्रिणींनो, महिन्याच्या किराण्याची यादी जिला पाठ असते, तिला केबलच्या बिलातल्या तीन ओळी कळणार नाहीत?

परवा महिन्याची सहा तारीख होती. दादा आला, मी अडीचशे दिले. आत येऊन बघते तो आई आणि शेजारच्या काकू टीव्हीसमोर बसलेल्या. मालिकेतल्या सुनेनं काहीतरी आगळीक केली होती आणि दोघी तिला यथेच्छ बोलत होत्या. मला बघताच आई म्हणाल्या, "बस गं जरा. आमची सून काय करते ते बघ!" माझी भाजी गॅसवर होती. गॅस बारीक केला आणि बसले.

तुमच्या घरी काय झालं? केबल ठेवली, कमी केली की काढली? आणि मुख्य म्हणजे, काढताना तुम्हाला कुणी विचारलं का? बिलाची फोड करून बघा, पंधरा दिवसांची नोंद ठेवा आणि आम्हाला जरूर कळवा.